प्रकल्प नोंदी: भरतीचा के१, जीपीएसचा नाक्षत्र दिवस आणि पृथ्वीचं फिरणं

६ जानेवारी २०२५

आजपासून काम नीट तारखेनिशी लिहून ठेवतोय. प्रश्न असा आहे: किनाऱ्यावर बसवलेल्या एका जीपीएस अँटेनाच्या डेटामधून समुद्राची पातळी काढायची, त्यातून भरतीचे घटक, म्हणजे ठरावीक काळाच्या ज्या लाटा मिळून भरती बनते त्या, वेगळे करायचे आणि के१ आणि के२ हे दोन घटक कितपत भरवशाचे निघतात ते बघायचं. याच दोघांवर संशय का, तर के१ चा काळ २३.९३ तास आणि के२ चा ११.९७ तास, म्हणजे बरोबर एक नाक्षत्र दिवस (ताऱ्यांच्या सापेक्ष पृथ्वीची एक फेरी) आणि अर्धा नाक्षत्र दिवस, आणि जीपीएसचे सॅटेलाइट पृथ्वीभोवती एक चक्कर मारतात ११ तास ५८ मिनिटांत, तोही अर्धा नाक्षत्र दिवसच. जे मोजायचंय आणि ज्यानं मोजायचंय ते दोन्ही एकाच तालावर चाललंय. या एका गोष्टीमुळे मला हा विषय सोडवत नाही.

डेटा २०२४ चा पूर्ण वर्षाचा, सगळा सार्वजनिक. रायनेक्स फाइल्स (जीपीएस रिसीव्हरच्या कच्च्या नोंदी) उतरवायला लावल्यात. जवळच टाइड गेज, म्हणजे पाण्याची पातळी थेट मोजणारं यंत्र, आहे, त्यामुळे ताडून बघायला आधार आहे.

९ जानेवारी

पद्धत थोडक्यात लिहून ठेवतो. सॅटेलाइट क्षितिजाजवळ असताना अँटेनाला दोन सिग्नल पोचतात, एक थेट आणि एक पाण्यावरून परावर्तित होऊन, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि एसएनआरमध्ये (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलची ताकद) लाटा दिसतात. सॅटेलाइट वर चढतो तसा दोन मार्गांतला फरक बदलतो, म्हणून एसएनआर हा उन्नतांशाच्या (क्षितिजापासूनच्या कोनाच्या) साइनसमोर मांडला की जवळपास एकाच वारंवारतेची लाट मिळते. ती वारंवारता म्हणजे अँटेनाच्या उंचीची दुप्पट भागिले तरंगलांबी. जीपीएसच्या एल१ सिग्नलची तरंगलांबी १९.०३ सेंमी, म्हणजे अँटेना पाण्यापासून ५ मीटर वर असेल तर उत्तर ५२.५ च्या आसपास यायला हवं. पाणी चढलं की उंची कमी, लाट संथ. बास, एवढंच तत्त्व आहे. जगभर जे जीपीएस स्टेशन जमिनीची हालचाल मोजायला लावलेत आणि योगायोगानं समुद्राकडे तोंड करून आहेत ते सगळे टाइड गेज होऊ शकतात. अलास्कातल्या कचेमाक बेमध्ये हे झालंय, तिथे भरती-ओहोटीचा फरक ७ मीटरच्या वर जातो, आणि ते स्टेशन त्या कामासाठी लावलेलंच नव्हतं!

जिओडेसीवाले (पृथ्वीचा आकार आणि जागा मोजणारे) ज्याला मल्टिपाथ म्हणतात आणि काढून टाकायला धडपडतात तोच इथे आपला सिग्नल. मला हे फार आवडतं.

१५ जानेवारी

वेळेचा हिशोब आधी पक्का केला, कारण तीन वेगवेगळ्या वेळा एकाच स्क्रिप्टमध्ये येतायत. रायनेक्समधली वेळ जीपीएस टाइम, टाइड गेजची वेळ यूटीसी, म्हणजे जगाची अधिकृत घड्याळवेळ, आणि पृथ्वी प्रत्यक्षात किती फिरलीय ते सांगणारी यूटी१. जीपीएस टाइम ६ जानेवारी १९८० ला यूटीसीशी जुळवून सुरू केली आणि त्यानंतर तिच्यात लीप सेकंद (यूटीसीला पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घालतात तो जादा सेकंद) घातलेच नाहीत, म्हणून आज ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ चा. १९७२ पासून एकूण २७ घातले गेले. या महिन्यात आलेल्या बुलेटिन सी (लीप सेकंदाची अधिकृत सूचना) प्रमाणे जूनअखेरही लीप सेकंद नाही.

१८ सेकंदांनी काय होतं ते काढून ठेवलं. चंद्राच्या मुख्य भरती-घटकाची, एम२ ची, फेज (लाट चक्रात कुठे आहे तो कोन) १८ सेकंदांत ०.१५ अंशापेक्षा किंचित कमी सरकते, अँप्लिट्यूड २ मीटर असेल तर पातळीत जास्तीत जास्त ५ मिमी फरक. म्हणजे भरतीच्या बाजूनं किरकोळ. पण सॅटेलाइटच्या बाजूनं बघा, तो सेकंदाला जवळपास ३.९ किमी धावतो, १८ सेकंदांत ७० किमी. तीच चूक एकीकडे मिलिमीटरमध्ये आणि दुसरीकडे किलोमीटरमध्ये, त्यामुळे सगळं जीपीएस टाइममध्ये ठेवायचं आणि टाइड गेजची वेळच बदलून घ्यायची असं ठरवलं.

आणि यूटी१ विसरायची नाही. पृथ्वी विषुववृत्तावर सेकंदाला ४६५ मीटर फिरते, म्हणजे यूटी१ मध्ये एक मिलिसेकंद इकडेतिकडे झाला तर आकाशाच्या चौकटीतून जमिनीच्या चौकटीत येताना जवळपास अर्धा मीटर फरक पडतो. सिग्नल सॅटेलाइटपासून खाली यायलाच ६७ ते ८६ मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात विषुववृत्तावरचा रिसीव्हर ३० मीटरच्या वर सरकलेला असतो. म्हणूनच जीपीएसच्या मूळ गणितातच पृथ्वीचा फिरण्याचा वेग लिहून ठेवलेला आहे, ०.००००७२९२११५१४६७ रेडियन दर सेकंदाला. पृथ्वी फिरते हे गृहीत धरल्याशिवाय फोनमधला निळा ठिपकासुद्धा जागेवर येत नाही.

१६ जानेवारी

डाउनलोड संपलं. मधले काही दिवस गायब आहेत, चालेल.

२६ जानेवारी

पहिल्यांदा पूर्ण महिन्याची पातळी काढली आणि ग्राफ टाइड गेजवर ठेवला. उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) दोन्ही स्पष्ट दिसतायत, पण चढत्या पाण्यात बिंदू दोन ओळींत फाटलेत, एक ओळ खऱ्या पातळीच्या वर आणि एक खाली. उगवणारे सॅटेलाइट एका ओळीत, मावळणारे दुसऱ्या ओळीत.

कारण पाणी स्वतः हलतंय. सॅटेलाइटला ५ अंशांवरून १५-२० अंशांपर्यंत जायला अर्धापाऊण तास सहज लागतो आणि तेवढ्यात समुद्र थांबून राहत नाही. दुरुस्तीचं सूत्र छोटंसं आहे: पाण्याचा वेग गुणिले उन्नतांशाची टॅन्जंट भागिले उन्नतांश बदलण्याचा वेग. १० अंशांवर सॅटेलाइट तासाला २४ अंश चढत असेल आणि पाणी तासाला १ मीटर वाढत असेल तर जवळपास ४० सेंमी. उगवताना एका दिशेला, मावळताना उलट्या. बाकी सगळ्या बारीकसारीक दुरुस्त्या सेंटिमीटरच्या आहेत आणि ही एकटी अशी आहे की जिच्याशिवाय पुढे जाताच येत नाही. गंमत म्हणजे त्यासाठी पाण्याचा वेग आधीच माहीत पाहिजे, म्हणून पहिल्या फेरीत कच्चे घटक काढायचे, त्यातून वेग काढायचा, दुरुस्ती करायची, परत घटक काढायचे. दोनतीन फेऱ्यांत स्थिर होतं. दोन ओळी मिटून एक झाली तेव्हा खूप बरं वाटलं.

२ फेब्रुवारी

मार्गदर्शक मॅडमनी एक महत्त्वाचा मुद्दा काढला. म्हणाल्या, अँटेना ज्या खडकावर आहे तो खडक पण रोज वर-खाली होतो, ते धरलंस का? चंद्र-सूर्य समुद्राला ओढतात तसेच घन पृथ्वीलाही ओढतात आणि जमीन दिवसभरात काही डेसिमीटर उचलली जाऊन खाली बसते, शिवाय भरतीच्या पाण्याचं वजन किनारा दाबतं, ते आणखी काही सेंमी. आपल्याला जाणवत नाही कारण आजूबाजूचं सगळंच सोबत हलतं. पण आपण मोजतोय ते पाणी आणि अँटेना यांच्यातलं अंतर, म्हणजे जमिनीच्या सापेक्ष पातळी, टाइड गेजसुद्धा तेच मोजतं, त्यामुळे या तुलनेत ते दोन्हीकडून कटून जातं. आल्टिमीटर सॅटेलाइटशी (वरून रडारनं समुद्राची उंची मोजणारा) तुलना करायची असती तर मात्र सगळं हिशोबात घ्यावं लागलं असतं, कारण तो पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतो. हे प्रबंधात स्वतंत्र परिच्छेदात घ्यायचं.

१४ फेब्रुवारी

आता मूळ मुद्दा. वर्षभराच्या मालिकेवर घटक बसवले. एम२, एन२, ओ१ हे चंद्राचे घटक टाइड गेजशी छान जुळतात. के१ जरा सरकलेला आणि के२ तर स्पष्टच वेगळा. संशय होता तसंच झालं.

असं का होतं ते नीट मांडून ठेवतो कारण हेच पुढे सगळीकडे लागणार आहे. एम२ हा चंद्राचा घटक, चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा म्हणून त्याचा काळ १२ तास २५ मिनिटं. एस२ सूर्याचा, बरोबर १२ तास. के१ आणि के२ मात्र चंद्र आणि सूर्य दोघांच्या क्रांतीमुळे, म्हणजे ते विषुववृत्ताच्या उत्तर-दक्षिणेला जातात त्यामुळे तयार होतात, आणि त्यांचा ताल पृथ्वीच्या ताऱ्यांसापेक्ष फिरण्याशी बांधलेला आहे. जीपीएसच्या कक्षा मुद्दामच अशा ठेवल्यात की नाक्षत्र दिवसाला दोन फेऱ्या पूर्ण व्हाव्यात आणि सॅटेलाइट जमिनीवरून त्याच वाटेनं परत जावा. त्यामुळे आमच्या अँटेनाला एखादा सॅटेलाइट नैऋत्येला मावळताना दिसतो तो रोज त्याच जागी, घड्याळात फक्त चारेक मिनिटं आधी. म्हणजे के१ च्या अमुक एका फेजला मोजमाप कायम त्याच वाटेवरून होतं. फिरत्या पंख्यावर त्याच वेगानं उघडझाप होणारा दिवा टाकला की पाती थांबल्यासारखी दिसतात, तसं. त्या वाटेवर काही खोट असेल, खडक असेल, धक्का असेल, तर ती खोट रोज के१ च्या त्याच फेजला येते आणि गणित तिला भरतीच समजतं.

नेमकं बघायला गेलं तर सॅटेलाइट परत यायला २३ तास ५५ मिनिटं ५४ सेकंदांच्या आसपास लागतात, नाक्षत्र दिवसापेक्षा दहाएक सेकंद कमी, कारण पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे आणि त्या फुगवट्यामुळे कक्षेचा पात (कक्षा विषुववृत्ताला छेदते तो बिंदू) दिवसाला ०.०४ अंशाच्या आसपास मागे सरकतो. मला आधी वाटलं होतं की हा फरक वाट काढून देईल. पण हिशोब केला तर वर्षाला १४ अंश, पूर्ण चक्कर व्हायला २५ वर्षं. म्हणजे एक वर्षाच्या डेटात या दोन वारंवारता वेगळ्या करणं अशक्यच.

१७ फेब्रुवारी

याची परीक्षा बनावट डेटावर घेतली. टाइड गेजच्या घटकांवरून वर्षभराची पातळी तयार केली, ती फक्त जीपीएसच्या खऱ्या वेळांना उचलली, आणि एकाच दिशेच्या तुकड्यात ५ सेंमीची खोट मुद्दाम मिसळली. परिणाम अगदी स्वच्छ. एम२, एन२, ओ१ ढिम्म हलले नाहीत, खोट गेली ती के१, के२ आणि सरासरी पातळीत. सहा महिन्यांपेक्षा कमी डेटा घेतला की तीच खोट पी१ आणि एस२ या सूर्याच्या घटकांतही सांडते, कारण के१-पी१ आणि के२-एस२ यांना वेगळं करायला १८२.६ दिवस लागतातच.

एवढं झाल्यावर मग खऱ्या डेटाचे अवशेष (मोजलेलं वजा बसवलेलं) दिशेप्रमाणे मांडले. नैऋत्येच्या एका तुकड्यात ओहोटीला उघडा पडणारा खडक आहे असं सॅटेलाइट फोटोत दिसतंय आणि अवशेषही नेमके तिथेच फुगलेत. तो तुकडा वगळला तर के२ सुधारतो, पण मग भांगाच्या दिवसांत बिंदू विरळ पडतात. अजून समाधान नाही.

१ मार्च

जीपीएससारख्या दुसऱ्या प्रणालींकडे वळलो. सगळ्यांत आधी रशियाची ग्लोनास, कारण सगळीकडे लिहिलेलं असतं की ग्लोनासची वाट ८ नाक्षत्र दिवसांनी परत येते म्हणून तो या भानगडीतून सुटलेला आहे. कागदावर मांडून बघितलं तर तसं नाही. ८ दिवसांत १७ फेऱ्या म्हणजे दिवसाला २ फेऱ्या आणि वर ४५ अंश, आणि एका कक्षेत ८ सॅटेलाइट ४५-४५ अंशांवर आहेत. म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच सॅटेलाइट येत नाही पण त्याच्या शेजारचा बरोबर त्याच जागी येतो! सॅटेलाइटची स्वतःची खोट असेल, त्याच्या घड्याळाची किंवा कक्षेची, तर ती आठ जणांत वाटली जाते. पण आमची खोट खडकाची आहे, तिला कोणता सॅटेलाइट वरून गेला याच्याशी देणंघेणं नाही, वाट तीच तर खोट तीच.

मग युरोपची गॅलिलिओ. १० नाक्षत्र दिवसांत १७ फेऱ्या, दिवसाला १.७, कक्षेत ८ जागा. ०.७ फेरी म्हणजे २५२ अंश, त्याला ४५ नं भाग जात नाही. ५ दिवसांनी ८.५ फेऱ्या होतात तेव्हा कुठे दुसरा एखादा सॅटेलाइट त्या वाटेवर येतो. चीनच्या बैदोचे मधल्या कक्षेतले सॅटेलाइट ७ दिवसांत १३ फेऱ्या करतात, त्यांची वाट ७ दिवसांनीच परत येते. या दोन प्रणालींत खडकाची खोट के१ च्या सगळ्या फेजांवर फिरत राहते आणि सरासरीत विरघळते. एवढं साधं गणित आहे आणि तरी ग्लोनासची ती गोष्ट मला कुठे नीट मांडलेली आढळली नव्हती, म्हणून इथे सविस्तर लिहितोय, कोणाच्या उपयोगी पडेल.

९ मार्च

गॅलिलिओचा रन झाला. के२ टाइड गेजकडे ठळकपणे सरकला, के१ पण. बैदो अजून चालू आहे, ग्लोनासचा के२ जीपीएसच्याच बाजूला पडतोय, म्हणजे १ मार्चचं गणित निदान या स्टेशनवर तरी खरं दिसतंय.

१४ मार्च

१८.६ वर्षांच्या चक्राची दुरुस्ती घातली. चंद्राच्या कक्षेचा पात (ती सूर्याच्या वाटेला छेदते तो बिंदू) १८.६ वर्षांत एक चक्कर मारतो आणि २०२४-२५ ही चंद्राची क्रांती सगळ्यांत जास्त होण्याची वर्षं आहेत, २८ अंशांच्या वर. म्हणजे आमच्या डेटाच्या काळात एम२ नेहमीपेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास लहान, के१ ११-१२ टक्के मोठा, ओ१ जवळपास २० टक्के मोठा आणि के२ तर ३० टक्क्यांच्या घरात मोठा. के१-के२ वर काम करायला यापेक्षा चांगली वर्षं २०४३ च्या सुमारासच येतील. हे आधी ठरवून केलेलं नाही, पण मिळालं ते उत्तम.

३० मार्च

आता उलट बाजू: भरती पृथ्वीच्या फिरण्याला काय करते. पृथ्वीच्या फिरण्याची नोंद ठेवणाऱ्या आयईआरएस संस्थेची दिवसाच्या लांबीची रोजची मालिका घेतली, २०२४ पुरती. फूरियर (लाटा वेगळ्या करायचं गणित) लावायच्या आधी नुसत्या डोळ्यांनीच १३.६६ दिवसांची लाट दिसते. चंद्र विषुववृत्तापासून लांब गेला की भरतीचा फुगवटा विषुववृत्तावरून थोडा हटतो, पृथ्वीचं जडत्व आघूर्ण (वस्तुमान अक्षापासून किती लांब पसरलंय त्याचं माप) किंचित कमी होतं, ती किंचित जोरात फिरते, दिवस लहान होतो. चंद्र विषुववृत्तावर आला की उलट. ५ जुलै २०२४ चा दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा १.६६ मिलिसेकंद लहान भरला, मोजणी सुरू झाल्यापासूनच्या सगळ्यांत लहान दिवसांत तो येतो, आणि त्या दिवशी अमावस्या होती, चंद्र आणि सूर्य दोघंही उत्तरेला लांब. अर्थात तेवढ्यानं १.६६ होत नाही, खालून पृथ्वीच्या गाभ्याचा आणि वाऱ्यांचा वाटा आहे, पण नेमका कोणता दिवस हे बरंचसं चंद्र ठरवतो. ज्या वर्षाच्या भरतीवर मी दोन महिने घासतोय त्याच वर्षाच्या त्याच क्रांतीची खूण पृथ्वीच्या फिरण्यात दिसली, ग्राफ बराच वेळ बघत बसलो.

ही मालिका नुसत्या जीपीएसमधून का निघत नाही हे पण कळलं. सॅटेलाइटची कक्षा अवकाशात पूर्व-पश्चिम सरकली का पृथ्वीच जास्त फिरली, हे जमिनीवरून वेगळं ओळखता येत नाही. रोजचा बदल, म्हणजे दिवसाची लांबी, जीपीएस सांगू शकतो, पण पूर्ण कोन, म्हणजे यूटी१, त्यासाठी दूरच्या क्वेसारांकडे (आकाशगंगांच्या अतितेजस्वी केंद्रांकडे) रेडिओ दुर्बिणींनी बघावंच लागतं. ताऱ्यांच्या तालावर फिरणाऱ्या सॅटेलाइटला स्वतःला तारे दिसत नाहीत.

६ एप्रिल

लांब काळाचा भाग. भरतीच्या घर्षणात एकूण ३.७ टेरावॉट ऊर्जा खर्च होते, त्यातली बरीचशी एकट्या एम२ ची. आधी सगळे समजायचे की हे उथळ समुद्रांतच होतं, १९९२ ला सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन सॅटेलाइटच्या डेटावरून कळलं की जवळपास एक टेरावॉट खोल समुद्रात, पाण्याखालच्या डोंगररांगांवर खर्च होते. ही ऊर्जा पृथ्वीच्या फिरण्यातून येते आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंमी लांब जातो, हे अपोलोच्या यात्रींनी १९६९ पासून ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून मोजलेलं आहे. नुसती भरती धरली तर दिवस शतकाला २.३-२.४ मिलिसेकंद वाढायला हवा. जुन्या ग्रहणांच्या नोंदी सांगतात १.८ च्या आसपास. इसवी सनपूर्व १३६ मध्ये बॅबिलोनला खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची मातीच्या पाटीवर नोंद आहे, पृथ्वी आजच्याच वेगानं फिरत आली असती तर ती सावली बॅबिलोनवर पडलीच नसती, तीन तासांहून जास्त फरक साचलाय. कोणीतरी आकाशाकडे बघून वेळ लिहून ठेवली आणि ती आज दिवसाची लांबी काढायला वापरतोय आपण. २.३-२.४ आणि १.८ मधला फरक मुख्यतः हिमयुगानंतर ध्रुवांकडची जमीन वर येत असल्यामुळे, वस्तुमान अक्षाकडे सरकतं आणि पृथ्वी थोडी जोरात फिरते.

हा भाग प्रबंधात दोन पानांच्या वर न्यायचा नाही असं मॅडमनी सांगितलंय. पटतंय, पण हे वाचताना थांबवत नाही.

२० एप्रिल

बैदोचा रन आला. के१ आणि के२ दोन्ही गॅलिलिओशी जुळतात, दोघांच्या कक्षा वेगळ्या असूनही. आता चारही प्रणाली एकत्र करताना के१-के२ साठी जीपीएस आणि ग्लोनासला वजन किती द्यायचं हा निर्णय आहे. सरळ वगळणं मला पटत नाही, एम२ साठी त्यांचे बिंदू फार मोलाचे आहेत. म्हणून प्रत्येक वाटेला स्वतःची एक स्थिर खोट अज्ञात म्हणून द्यायची आणि घटकांसोबतच ती सोडवायची. नुसत्या जीपीएसवर हे चाललं नसतं, खोट आणि के१ एकमेकांत अडकून राहिले असते, पण गॅलिलिओ-बैदो सोबत असले की सुटतं. बनावट डेटावर चालवून बघितलं, मिसळलेली ५ सेंमीची खोट नैऋत्येच्या वाटांवर परत मिळाली आणि के२ जागेवर राहिला.

२३ एप्रिल

खऱ्या डेटावर तेच लावलंय. वर्षभराचं मॅट्रिक्स मोठं आहे, तुकड्या-तुकड्यांनी सोडवावं लागतंय. एल१ झालं. एल५ या दुसऱ्या सिग्नलला तरंगलांबी २५.५ सेंमी, लाटा संथ आणि एसएनआर स्वच्छ, म्हणून त्याची वाट बघतोय. त्यानंतर याच पद्धतीनं दुसरं स्टेशन घ्यायचं, जिथे समोर खडक नाही, नुसतं मोकळं पाणी आहे, आणि तिथे जीपीएसचा के२ आपोआप बरा येतो का ते बघायचं.